झोपेसाठी खाल्लेले लाडू

माझी आई आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. सकाळी घरोघर फिरून लेकरं गोळा करायची, त्यांची नाकं पुसायची, खिचडी शिजवायची, आणि महिन्यातून एकदा त्यांना काट्याला टांगून वजन करायचं, हे तिचं काम. वजन सेविकाबाई तक्त्यावर मांडतात. तक्त्यावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे असतात. लेकरू हिरव्यात असलं की आई कानशिलावर बोटं मोडून त्याची दृष्ट काढते. एखादं लालमध्ये गेलं, तर त्या दिवशी आमच्या घरी कुणी मोठ्यानं बोलत नाही.

मी दिल्लीला एम. ए. करायला गेले आणि वर्षाहून जास्त काळानं, दिवाळीत, घरी आले. आई मला फराळाचं ताट देण्याआधी अंगणवाडीत घेऊन गेली. गरोदर बायांचं वजन करायला तिथं एक उभा काटा आहे.

"चढ."

"आई, असू दे ना."

"चढ म्हणते ना, मने."

मी चढले. आई वाकली, काटा स्थिर होईपर्यंत थांबली आणि एकदम ओरडली, "अहो बाई, इकडे या! माझं लेकरू हिरव्यात आलं बघा!"

जन्मभर मी काडी होते. शाळेत पोरं मला उदबत्ती म्हणायची. आणि आता माझे गाल वर आले होते, हातातल्या बांगड्या रुतत होत्या. संध्याकाळी बाबा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "मनीला दिल्ली मानवली." बाबा मोंढ्यात पोती उचलतात. त्यांना एवढं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग माझ्या धाकट्या बहिणीकडे, कोमलकडे बघत ते म्हणाले, "हिची बारावी झाली की हिलाही नर्सिंगला पाठवू संभाजीनगरला. लोक म्हणतात, पोरी बाहेर राहून वाया जातात. आमची तर भरून आली."

कोमलनं माझा हात इतक्या जोरात दाबला की मला तिच्या नखांची आठवण आजही आहे.

मी काहीच बोलले नाही. ते वजन आनंदाचं नव्हतं. मला रात्र-रात्र झोप येत नव्हती, छातीत सारखी धडधड होती, आणि ती थांबवण्यासाठी मी रात्री चोरून खात होते. मला काय होतंय ते मलाही नीट कळत नव्हतं. पण हे कळत होतं की माझ्या गालांच्या जोरावर कोमलला घराबाहेर सोडायचं ठरतंय.

हे सगळं लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. अजून लाज वाटते. पण मी शोधत होते तेव्हा मराठीत असं कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. निदान मला तरी नाही. म्हणून लिहिते.

*

आमच्या घरात झोप न येणं हा प्रकारच नाही. बाबांची पाठ सतरंजीला लागली की बोलता बोलता वाक्य अर्धं राहतं. आई उभ्यानं झोपू शकते, असं आम्ही चेष्टेनं म्हणतो. झोप येत नाही ते बंगल्यातल्या माणसांना, ज्यांना काम नसतं, असं मी लहानपणापासून ऐकलेलं. लहानपणी कधी मी चुळबुळ केली तर आई पोळी दुधात कुस्करून द्यायची. "रिकाम्या पोटी झोप रुसते," म्हणायची. खाल्लं की खरंच झोप लागायची.

दिल्लीत, विद्यापीठाजवळच्या मुनिरक्यात, मी एका मैत्रिणीसोबत राहते. गौरी तिचं नाव. तिचे आई-वडील गाझियाबादला राहतात. दोघंही पुण्याचे, दोघंही नोकरीत. ती तिथंच वाढली. घरून विद्यापीठ लांब पडतं म्हणून तिनं ही खोली घेतली आणि सूचनाफलकावर चिठ्ठी लावली, 'मराठी मुलगी हवी.' माझ्या बोलण्यातले काही शब्द तिला कळत नाहीत. एकदा मी 'उसंत' म्हणाले तर तिनं विचारलं, "ये कौन है?" खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली मोमोवाला, समोरच्या घराची भिंत हाताला लागेल इतकी जवळ, आणि मध्ये विजेच्या तारांचं जाळं.

पहिल्या वर्षी वर्गात एक निबंध वाचून दाखवायचा होता. माझं सगळं शिक्षण मराठीतून झालं. मी इंग्रजीत लिहून काढलेलं पाठ केलं होतं. वाचायला उभी राहिले आणि आवाज फुटेना. सर चांगले होते. म्हणाले, "टेक युअर टाइम." वर्ग शांत बसून राहिला. ती शांतता माझ्यासोबत खोलीवर आली. रात्री डोळे मिटले की ती परत सुरू व्हायची, तेच चेहरे, तोच पंखा. छाती इतकी उडायची की गौरीला ऐकू जाईल असं वाटायचं.

तेव्हा मला आईचा डबा आठवला. तिनं निघताना डिंकाचे लाडू दिले होते. एक खाल्ला. आणि खरंच, पोट जड झालं, अंग सैल पडलं, झोप लागली. मला इतका आनंद झाला की सकाळी मी आईला फोन केला, "तुझा लाडू खाल्ला की झोप लागते गं."

आई काय खूश झाली! गावातला एक मुलगा सैन्यात आहे, त्याची बदली दिल्लीला झालेली. तो सुटीवरून परत येताना आई त्याच्या हाती डबा पाठवायला लागली. एक संपायच्या आत दुसरा, मधल्या वेळी पार्सलनं.

पुढं एक लाडू पुरेना. दोन खाल्ले तरी छाती थांबेना. लाडू संपले की ब्रेड, ब्रेड संपला की कोरडी मॅगी, तीही नसली की तुपात साखर कालवून. भूक नसायचीच. पोट दुखत असताना मी खात होते. दिवा न लावता, फ्रिजपाशी उभी राहून, कागद वाजू नये म्हणून पाण्याचा नळ बारीक सोडून. सकाळी तोंड आंबलेलं असायचं आणि मी स्वतःला सांगायचे, आजपासून बंद. म्हणून दिवसभर काही खायचे नाही. आणि मग रात्री परत तेच, जास्त जोरानं.

दिवसा उपाशी आणि रात्री चोर. घरी फोनवर मात्र 'जेवलीस का?' 'हो, पोटभर.' यात खोटं काय होतं, ते मला आता कळतं. तेव्हा वाटायचं, खरंच तर सांगतेय.

*

दिवाळीहून परत आल्यावर ते वाढलं. आता त्या हिरव्या पट्ट्याचंही ओझं होतं.

गौरी संकष्टी करते. तिची आई करते म्हणून तीही करते, त्यात तिला मजा येते. तिनं साबुदाणा भिजवून, दाण्याचं कूट शेजारी ठेवून, दोन्ही डबे फ्रिजमध्ये ठेवले होते. सकाळी तिनं फ्रिज उघडला.

"यार, माझा साबुदाणा?"

मी पांघरुणात होते. म्हणाले, "मांजर आली असेल."

"तिसऱ्या मजल्यावर?"

"गच्चीवरून."

"अच्छा. आणि तिनं फ्रिज उघडला. डबा खाल्ला. मग डबा धुऊन पालथा घालून ठेवला." ती पलंगापाशी येऊन बसली. "किती वेल-मॅनर्ड मांजर आहे यार."

मी कच्चा भिजलेला साबुदाणा मुठीनं खाल्ला होता. कूट घालून, वर साखर टाकून. हे मी आज पहिल्यांदा लिहून काढतेय आणि मान खाली गेली आहे.

मला वाटलं ती भांडेल. ती उपाशी होती, तिला भांडायचा हक्क होता. पण ती म्हणाली, "मला माहितीये. कधीपासून माहितीये. मी मुद्दाम जास्त ब्रेड आणत होते, तुला कमी पडू नये म्हणून. चूक केली का मी?"

मी रडले नाही, मी चिडले. म्हणाले, "तुमच्यात असतं हे. थेरपी आणि काय काय. आमच्यात असलं काही नसतं."

"आमच्यात-तुमच्यात काय, बिल्कुल वेडी आहेस का तू? तू झोपत नाहीयेस. तुझे हात बघ."

मी हात पांघरुणात ओढून घेतले. ती बोलता बोलता एकदम थांबली आणि हसायला लागली, "सॉरी, 'वेडी' नव्हतं म्हणायचं." मलाही हसू आलं. हसता हसता मी रडले. त्या दिवशी तिनं साबुदाण्याऐवजी केळी खाल्ली. चार दिवसांनी मला सरकारी दवाखान्याचा पत्ता आणि केसपेपर कुठं काढायचा ते सांगितलं. "मी येऊ?" म्हणाली. मी नको म्हटलं. कुणी ओळखीचं शेजारी असेल तर मी दारातून परत फिरेन, हे मला माहीत होतं.

*

मनोरोग विभाग. हे दोन शब्द भिंतीवर इतके मोठे लिहिले होते की मी त्यांच्याकडे पाठ करून बाकावर बसले. जानेवारी होता, बाहेर धुकं, आत माणसांची वाफ. एवढी माणसं इथं येतात, हे बघूनच मी थोडी गांगरले. कुणी वेडंवाकडं वागत नव्हतं. कुणी मटार सोलत होतं, कुणी पोराला झोपवत होतं. बँकेत बसावं तशी सगळी बसली होती.

तेवढ्यात आईचा फोन आला. मी घेतला. दिल्लीत एक बरं असतं, मराठीत काहीही बोला, कुणाला कळत नाही.

"कुठंय गं?"

"लायब्ररीत."

"आवाज कसला येतोय?"

"आज गर्दी आहे. परीक्षा आहेत ना. ठेवते, आई, इथं बोलू देत नाहीत."

फोन ठेवला. शेजारच्या बाई समोर बघत शांतपणे म्हणाल्या, "गर्दी आहे खरी. पुस्तकं तेवढी दिसत नाहीत."

माझ्या कानशिलांना आग लागली. सुती साडी, वर जाड स्वेटर, पायात मोजे आणि चपला. आईहून मोठ्या असतील.

"घाबरू नकोस गं," त्या म्हणाल्या. "इथं दिल्लीतच, आर. के. पुरमला, जन्म गेला माझा. मीही घरी गुडघे सांगितलेत. गुडघ्यांची इमारत ती पलीकडची." त्यांनी हनुवटीनं खिडकीकडे दाखवलं. "मिस्टर रोज विचारतात, सूज उतरली का? मी म्हणते, बिल्कुल, उतरतेय."

मला हसू आवरेना. बऱ्याच दिवसांनी मी दिवसाउजेडी हसत होते.

त्यांनी पिशवीतून डबा काढला. "घे. गुळाची पोळी. संक्रांतीची राहिली होती."

माझा हात पुढं जाईना. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तरी खाण्याकडे बघून भीती वाटली. "नको, काकू."

मी पुढच्याची तयारी केली. आमच्याकडे 'नको' म्हटलं की खरं जेवण तिथून सुरू होतं. अगं घे, अर्धी तरी, माझ्यासाठी, मला वाईट वाटेल. पण काकूंनी डब्याचं झाकण लावलं.

"बरं. नको तर नको," म्हणाल्या, आणि स्वेटरची बाही सारखी करत बसल्या.

एवढंच झालं. त्यांचं नावही मी विचारलं नाही. पण कुणीतरी माझा 'नको' पहिल्यांदाच जसाच्या तसा घेतला होता, आणि तेवढ्यानं मी आत जाऊ शकले.

*

डॉक्टर तरुण होत्या, घाईत होत्या, पण बोलताना माझ्याकडे बघत होत्या. मी हिंदीत सांगितलं, नींद नहीं आती. त्यांनी विचारलं, "रात को उठकर खाती हो?" मी थक्क झाले. मी सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं की असं घाणेरडं काही करणारी जगात मी एकटीच.

"सोती नहीं हूँ, तो उठती भी नहीं हूँ," मी म्हणाले. त्या हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, हा चिंतेचा आजार आहे. झोप त्यानं नेली आणि खाणं झोपेच्या जागी येऊन बसलं. लोभीपणा नव्हे, संस्कार कमी पडले असंही नव्हे. बरं होतं, पण वेळ लागतो.

"घर में किसको पता है?"

"किसी को नहीं."

"क्यों?"

याचं उत्तर मी तयार केलं नव्हतं. तोंडातून निघालं, "उनको नींद आती है." आणि मला रडू फुटलं. त्यांनी टेबलावरचा कागदाचा रुमाल पुढं सरकवला आणि मी आवरेपर्यंत दुसरं काही लिहीत बसल्या. तीही मेहरबानीच होती.

औषधांबद्दल मी लिहिणार नाही. ज्याची त्याला वेगळी असतात. पण त्यांनी सांगितलेल्या काही गोष्टी सांगते, कारण त्या साध्या आहेत आणि मला फार अवघड गेल्या. दिवसा उपाशी राहायचं नाही, तिन्ही वेळा जेवायचं, मग आदल्या रात्री काहीही झालेलं असो. मला ही शिक्षा माफ केल्यासारखी वाटली आणि म्हणूनच जमेना. झोपायच्या आधी खावंसं वाटलं तर खायचं, पण दिवा लावून, ताटलीत घेऊन, खाली बसून. आणि झोप नाही आली तर फ्रिजकडे न जाता उठून खुर्चीत बसायचं, जे वाटतंय ते कुणाला तरी सांगायचं, कुणी नसेल तर भिंतीला.

ताटली हा शब्द ऐकून मी मनात हसले होते. एवढ्या मोठ्या दवाखान्याचा हा उपाय! पण पहिल्यांदा दिवा लावून ताटली घेऊन बसले तेव्हा पोहे नुसते चिवडत राहिले. उजेडात मला माझा हात दिसत होता. गौरी पांघरुणातून म्हणाली, "मांजर, मलाही दे ना थोडं." ती उठून समोर बसली. आम्ही दोघींनी ते पोहे खाल्ले. त्यानंतर मी झोपले असं नाही. पण त्या दिवशी मी चोर नव्हते.

असं हळूहळू होत गेलं. मध्येच घसरले. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी सगळा ब्रेड संपवला, पुन्हा अंधारात. काकूंना शोधत दोनदा लवकर जाऊन बसले, त्या दिसल्या नाहीत. पण आठवड्यात झोपेच्या रात्री वाढत गेल्या, आणि एके सकाळी जाग आली तेव्हा पाण्याची मोटर ऐकू येत होती. मी ती ऐकत पडून राहिले. जाग येण्यासाठी आधी झोपावं लागतं, हे मी विसरून गेले होते.

*

एम. ए. ची परीक्षा झाली आणि जूनमध्ये मी घरी गेले. बांगड्या परत सैल झाल्या होत्या. मला वाटलं, आता तरी मान वर करून घरात शिरेन.

आई स्टँडवर घ्यायला आली होती. मला बघून तिनं तोंडावर हात ठेवला. "वाळलीस गं! किती वाळलीस! जेवत नव्हतीस का?"

मी आजारी होते तेव्हा ती बोटं मोडत होती, आणि बरी होत होते तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची चूक नाही. तिला काट्यानं शिकवलंय तेच ती वाचते.

रात्री कोमल आणि मी शेजारी झोपलो. तिच्या उशाशी स्टीलचा डबा होता.

"हे काय?"

"लाडू. परीक्षेत मला झोप येत नव्हती ताई. आई म्हणाली, ताई असंच खाऊन झोपायची, म्हणून तर तिला दिल्ली मानवली. तूपण खा." ती अंधारात हसली. "आधी एकानं व्हायचं. आता नाही होत. निकाल लागला तरी नाही होत. तुला किती लागायचे?"

इतके दिवस मला वाटत होतं की मी गप्प राहून कोमलला वाचवतेय. मी गप्प राहिल्यामुळे तो डबा तिच्या उशाशी आला होता. आणि बोलले असते तर? नर्सिंगचा प्रवेश व्हायचा होता, फी भरायची होती. माझे गाल ही एकच साक्ष होती आणि ती खोटी आहे असं मीच सांगायचं.

सकाळी आई मला अंगणवाडीत घेऊन गेली. अजून लेकरं यायची होती. ती काट्याशी उभी राहिली. "चढ. बघू दे किती उतरलं."

"मी नाही चढणार."

"काऊन?"

मग मी सांगितलं. उभ्यानंच. सगळं. निबंधाच्या दिवसापासून. साबुदाण्याचंही, दवाखान्याचंही. तिथं सांगितलेले उपाय तेवढे राहिले. आई खिचडीचे तांदूळ निवडायला बसली होती, तिचे हात थांबले नाहीत. दिवाळीचं सांगितलं तेव्हा थांबले.

"म्हणजे माझ्या लाडवांनी तुला आजार झाला म्हणतेस?"

"तसं नाही, आई."

"मग कसं? मी पाठवत गेले. तू खात गेली. मी सगळ्या गावाला सांगितलं." तिनं काट्याकडे बघितलं. "माझ्यासमोर चढली होतीस तू याच्यावर."

"हो."

"मला दिसलं नाही."

मला वाटलं होतं ती ओरडेल. ती हे एवढंच म्हणाली आणि परत तांदूळ निवडायला लागली. मला माझी लाज सवयीची होती. तिची बघवेना.

संध्याकाळी बाबांना कळलं. त्यांनी विचारलं, "डोक्याच्या डॉक्टरकडं गेली होती?" मी हो म्हटलं. ते पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "मग हिला कशाला पाठवायचं? एकीनं भागलं नाही का?"

कोमल दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता, आणि तो बरोबर होता. सांगण्यासारखं जे होतं ते मी सकाळीच खर्च केलं होतं.

आई चुलीपाशी होती. ती तिथूनच बोलली. "लेकरू लालमध्ये गेलं की आम्ही काय करतो, अंगणवाडी बंद करतो?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"घरी जातो. आज जातो, उद्या परत जातो. लेकराच्या मायीला विचारतो. मायी खोटं सांगते, तरी परत जातो." तिनं भाकरी तव्यावर उलटली. "ही एवढी लांब होती, आणि मी फोनवर एकच विचारत होते, जेवली का. आता कोमलला जाऊ द्या. जवळ आहे संभाजीनगर. मी जाईन."

बाबांनी जेवून पाठ टेकली, पण त्या दिवशी त्यांचं वाक्य अर्धं राहिलं नाही, कारण ते काही बोललेच नव्हते. मी ऐकत होते. बराच वेळ त्यांचं घोरणं सुरू झालं नाही. आमच्या घरात बाबांना झोप येत नाही, हे मी पहिल्यांदा बघितलं. सकाळी ते मोंढ्यात जाताना कोमलला म्हणाले, "कागद काढून ठेव."

*

मी अजून मुनिरक्यातच आहे, पुढच्या प्रवेशाची तयारी करतेय. दर महिन्याला दवाखान्यात जाते. बरी झाले असं लिहायला हात धजत नाही. बरी आहे, असं लिहिते. गावात कुणाला हे माहीत नाही आणि आईनं माझ्या वाळण्याचं कारण 'तिकडचा उन्हाळा' असं सांगितलंय. मला त्याची चीड येते, आणि हायसंही वाटतं. दोन्ही खरं आहे.

कोमलला सोडायला जायच्या आदल्या दिवशी मी घरीच होते. आईनं लाडू वळले होते. न वळणं तिला शक्य नव्हतं, आणि मीही तसं म्हटलं नव्हतं. तिनं डबा काठोकाठ भरला, झाकण लावलं. मग झाकण परत काढलं आणि अर्धे लाडू काढून परातीत ठेवले. डब्यात रिकामी जागा राहिली. तिथं काय ठेवावं ते तिला सुचेना. शेवटी ती आत गेली आणि एक छोटी स्टीलची ताटली घेऊन आली, आमच्या लहानपणची, कडेला पोचा आलेली. ती तिनं लाडवांवर पालथी ठेवली.

"दिवसा भूक लागली तर खा," ती कोमलला म्हणाली. "रात्री झोप नाही आली तर खायचं नाही. मला फोन लावायचा."

"आई, तू झोपलेली असशील."

"उठीन."

कोमलनं चोरून माझ्याकडे बघितलं. "आणि खावंसंच वाटलं तर?"

आईही माझ्याकडे बघायला लागली. दोघी थांबल्या होत्या. याचं उत्तर आईला माहीत नव्हतं, मला माहीत होतं, आणि ते सांगायचं म्हणजे मी काय काय केलं ते परत दोघींसमोर मांडायचं.

"तर दिवा लाव," मी म्हणाले. "आणि ताटलीत घे."